सॉसेज तेच, हात वेगळे

शिकागोला मुलांकडे, कामानिमित्त किंवा नुसतं हिंडायला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, ‘तिथला हॉट डॉग चुकवू नका.’ कुठल्या दुकानातला ते मात्र दहा जण दहा सांगतात, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. ज्याचं लहानपण ज्या चौकात गेलं, त्या चौकातला हॉट डॉग त्याच्या लेखी साऱ्या शहरात पहिला. म्हणून हिंडायला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या शहरातल्या बहुतेक जुन्या दुकानांत सॉसेज एकाच कंपनीचं असतं. पाव पुष्कळदा एकाच बेकरीचा असतो. मोहरी, लोणचं, मिरच्या हा सरंजामही ठरलेला असतो. आपल्याकडे शेजारच्या दोन गाड्यांवर एकाच बेकरीचा पाव असूनही एका गाडीपुढे वडापावासाठी रांग लागते आणि दुसरीवर माशा बसतात, तसलाच हा प्रकार आहे. तेव्हा शोध घ्यायचा तो हाताळणाऱ्या हातांचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. शिकागोचा हॉट डॉग ‘ऑल बीफ’ असतो, म्हणजे संपूर्ण गोमांसाचा. पाटीवर नुसतं ‘रेड हॉट’ लिहिलेलं असलं तरी आत तेच असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठीही या शहरात थोडीफार सोय आहे, तिकडे पुढे येतोच. पण काउंटरवर पोहोचल्यावर, मागे वीस माणसं उभी असताना, हा प्रश्न सोडवायला घेऊ नका.

बीफच का, याचं उत्तर शहराच्या इतिहासात आहे. १८६५ ते १९७१ इतका काळ शिकागोच्या दक्षिणेला युनियन स्टॉक यार्ड्स हा जनावरांचा अवाढव्य बाजार होता, आणि अमेरिकेच्या मांसधंद्याची सगळी सूत्रं तिथून हलत. १८९३ साली या शहरात जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते साल स्वामी विवेकानंदांमुळे माहीत असतं, कारण सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्याच प्रदर्शनाच्या गर्दीत एमिल राइखल आणि सॅम्युअल लडानी हे ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले दोन ज्यू तरुण बीफचं सॉसेज विकत होते. त्यांच्या धंद्यातूनच पुढे ‘व्हिएन्ना बीफ’ ही कंपनी उभी राहिली. ज्यूंच्या परंपरेत डुकराचं मांस वर्ज्य, त्यामुळे सॉसेज निव्वळ बीफचं. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली, त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. सॉसेजमध्ये नेमकं काय काय भरतात, अशी शंका ज्या काळात घराघरांत होती, त्या काळात ‘यात फक्त बीफ’ असं ठणकावून सांगता येणं ही मोठीच जमेची बाजू होती.

आज व्हिएन्ना बीफची पाटी शहरात जागोजागी दिसते. ती दिसली म्हणजे कच्चा माल भरवशाचा आहे एवढंच समजायचं. पुढची हमी ती पाटी देत नाही.

हाताळणीने किती फरक पडतो, याचा एक किस्सा खुद्द कंपनीच्या प्रमुखांनीच जाहीरपणे सांगितलेला आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने दक्षिण शिकागोतला, खोलीला खोली जोडत वेडावाकडा वाढलेला जुना कारखाना सोडला आणि उत्तरेला नवा, आखीवरेखीव कारखाना बांधला. मांस तेच, मसाला तोच, धुरी देण्याची पद्धत तीच. तरी सॉसेजला पहिल्यासारखा लाल रंग येईना आणि चावताना ‘टच्’ असा आवाजही होईना. पाणी तपासलं, तापमान तपासलं, कशातच खोट सापडेना. बरेच महिने असे गेले. मग एकदा जुन्या कामगारांच्या गप्पांत अर्विंग नावाच्या सहकाऱ्याचा विषय निघाला. जुन्या कारखान्यात भरलेली कच्ची सॉसेजं थंड खोलीतून धुरीच्या भट्टीपर्यंत नेण्याचं काम त्याच्याकडे असायचं. वाट अशी की मध्ये बॉयलरची खोली, मध्ये मांस शिजतंय ती खोली, मग लिफ्ट. अर्धा तास तरी सहज जायचा आणि तेवढ्यात सॉसेजं हळूहळू कोमट व्हायची. नव्या कारखान्यात थंड खोली आणि भट्टी शेजारी शेजारी आल्या, आणि अर्विंग तर नोकरी सोडून गेलेला. शेवटी कंपनीने सॉसेजं कोमट करण्यासाठी एक वेगळी खोली बांधली, तेव्हा कुठे जुना रंग परत आला. कारखान्यात एका ढकलगाडीच्या वाटेने एवढं घडतं, तर दुकानातल्या पातेल्यात आणि पावाच्या डब्यात काय काय घडत असेल याची कल्पना करा.

आता प्रत्यक्ष पदार्थाकडे. शिकागो पद्धतीचा हॉट डॉग म्हणजे खसखस लावलेला मऊ, वाफवलेला लांबट पाव, त्यात गरम पाण्यात तापवलेलं सॉसेज, वर पिवळी पातळ मोहरी, गडद हिरवं गोडसर काकडीचं लोणचं, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, आंबट खारवलेल्या काकडीची लांब फाक, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लहान हिरव्या मिरच्या आणि शेवटी सेलरी सॉल्टची चिमूट. तो हिरवा रंग निसर्गात कुठे सापडायचा नाही. तो रंग घालूनच आणलेला असतो, घाबरू नका. मिरच्यांना तिथे ‘स्पोर्ट पेपर’ म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला त्या तिखट वाटणार नाहीत, पण त्यांचा आंबटपणा कामाचा आहे. सेलरी सॉल्ट म्हणजे मीठ आणि सेलरीच्या वाटलेल्या बिया. सेलरी ओव्याच्याच कुळातली, त्यामुळे तो वास आपल्या नाकाला परका वाटत नाही. हा सगळा थाट कुणी एकाने बसून ठरवलेला नाही. मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात जर्मन, ज्यू, ग्रीक, इटालियन असे नाना लोक एकमेकांना खेटून धंदा करत होते, आणि ज्याच्या हाताशी जे होतं ते पावात पडत गेलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ‘फ्लुकीज’ नावाच्या दुकानाने १९२९ मध्ये मंदीच्या तोंडावर पाच सेंटला भाज्यांनी भरलेला हॉट डॉग विकायला काढला, त्याची आठवण शहरात आजही सांगतात. पाच सेंटात पोटभर जेवण, हा त्यामागचा हिशोब.

मंदीची दुसरी एक शाखाही आहे. टोमॅटो नाही, काकडी नाही. मोहरी, कांदा, थोडं लोणचं, मिरच्या आणि त्यावर सरळ मूठभर गरम फ्राइज, सगळं एकाच कागदात गुंडाळलेलं. याला तिथे ‘डिप्रेशन डॉग’ म्हणतात. नाव ऐकून नाराज होऊ नका. माझं मत विचाराल तर या शहरातला सर्वांत चवदार घास याच कागदात असतो. भाज्यांचा हॉट डॉग दिसायला देखणा, पण त्यात सॉसेज पुष्कळदा मागे पडतं. फ्राइजवाल्यात ते पुढे राहतं, आणि बटाट्याला मोहरी-कांद्याचं पाणी लागून जी चव येते तिला तोड नाही.

पारख करताना नजर पहिल्यांदा सॉसेजच्या कातडीवर ठेवा. चांगल्या ठिकाणी नैसर्गिक आतड्याच्या वेष्टनात भरलेलं सॉसेज वापरतात. ते किंचित वाकडं असतं, टोकांना पीळ दिसतो, आणि दोन सॉसेजं कधी अगदी सारखी दिसत नाहीत. पट्टीने आखल्यासारखं सरळ, टोकं गुळगुळीत असं सॉसेज दिसलं तर ते बिनकातडीचं. ते वाईटच असतं असं नाही, पण दातांखाली तो आवाज होणार नाही. आणि खरं सांगायचं तर अर्धी मजा त्या आवाजात आहे.

मग पाण्याकडे बघा. काउंटरच्या पलीकडे डोकावता येत असेल तर जरूर डोकावा, कुणी रागावत नाही. सॉसेज कारखान्यातूनच शिजून येतं, दुकानात ते फक्त आतपर्यंत गरम करायचं असतं. पाणी कढत हवं, खळखळून उकळणारं नको. उकळीत कातडी फुटते आणि चव, मीठ, चरबी सगळं पाण्यात उतरतं. दुपारचे तीन वाजलेत, दुकानात चिटपाखरू नाही आणि भांड्यात फिकट पडलेली सॉसेजं तरंगतायत, असं दिसलं तर नुसतं एक थंड पेय घेऊन बाहेर पडा. म्हणूनच जायची उत्तम वेळ म्हणजे दुपारी बारा ते दीड. रांग असते हे खरं, पण त्या रांगेमुळेच भांड्यातलं सॉसेज तिथे फार वेळ राहत नाही. आपल्याकडे लोक रांग टाळायला वेळ शोधतात. इथे रांग शोधत जायचं.

पावाची परीक्षा हातात घेतल्याबरोबर होते. वाफ नेमकी लागली असेल तर पाव उबदार आणि लुसलुशीत असतो, सांध्यावर दुमडतो पण तुटत नाही. वाफ जास्त झाली तर टाळूला चिकटतो आणि मागून फाटून सगळा ऐवज मांडीवर येतो. कोरडा, गार पाव म्हणजे दुकानदाराने मनावर घेतलेलं नाही. चांगल्या खसखशीच्या पावासाठी शहरात ‘एस. रोझेन’ या जुन्या बेकरीचं नाव घेतात. खसखस आपण वाटणात घालतो, इथले लोक ती पावावर चिकटवून बसले आहेत. चवीपेक्षा त्या दाण्यांचा दाताखालचा कुरकुरीतपणाच जास्त जाणवतो.

रचनाही बघायची. टोमॅटोच्या फोडी एका बाजूला सॉसेज आणि पाव यांच्या फटीत खोचलेल्या असाव्यात, काकडीची फाक दुसऱ्या बाजूला, आणि मिरच्या वर. म्हणजे प्रत्येक घासात सगळं थोडं थोडं येतं. घाईघाईत सगळं वरून ओतलेलं असेल तर पहिल्या दोन घासांत भाजीच खावी लागते आणि नंतर नुसता पाव-सॉसेज उरतो. सेलरी सॉल्ट घातलंय का हे मुद्दाम बघा. ते दिसत नाही, वासाने कळतं. आळशी दुकानात पहिली काट त्याच्यावरच बसते, म्हणून माझ्या लेखी ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची कसोटी आहे. टोमॅटोच्या बाबतीत मात्र जरा सबुरीने घ्या. शिकागोच्या हिवाळ्यात कुणाच्याही दुकानातला टोमॅटो पाणचटच असतो.

तुलना करायची तर सगळीकडे एकच गोष्ट मागवा. एक साधा हॉट डॉग, ‘एव्हरीथिंग’ घालून. ‘एव्हरीथिंग’ म्हणजे त्या दुकानाच्या पद्धतीने जे जे घालतात ते सगळं. केचप त्यात धरलेलं नसतं. एका ठिकाणी चीज घातलेला, दुसऱ्या ठिकाणी निखाऱ्यावर भाजलेला आणि तिसऱ्या ठिकाणी ‘चिली’ नावाचा मांसाचा दाट रस्सा ओतलेला खाऊन ‘तिसरा बेस्ट’ म्हणण्यात अर्थ नाही. भाजलेला प्रकार, ज्याला ‘चार डॉग’ म्हणतात (इंग्रजीत ‘चार’ म्हणजे करपवणं), तो वेगळा पदार्थ समजून दुसऱ्या फेरीत खा. त्याच्या टोकांना चिरा देऊन जाळीवर टाकतात, टोकं फुलासारखी उलगडून करपतात, आणि त्या करपलेल्या चवीत पाण्याचे सगळे दोष झाकले जातात. दुकानदाराला ते सोयीचं, परीक्षकाला गैरसोयीचं.

खायचं ते तिथल्या तिथे, उभ्यानं. घरी नेऊन खाल्लेल्या हॉट डॉगवरून दुकानाबद्दल मत बनवू नका. दहा मिनिटांत पाव भिजतो. आणि दोघं मिळून एक घ्या. एका दिवसात तीन ठिकाणं करायची असतील तर पोटात जागा लागते, शिवाय या खाण्यात मीठ भरपूर असतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी दिवसाला एकावर थांबलेलं बरं.

आता कुठे जायचं ते. शहराच्या पश्चिम हद्दीलगत रिव्हर ग्रोव्ह नावाच्या गावात ‘जीन अँड ज्यूड्स’ आहे, १९४६ पासूनचं. आधी ते शिकागोत होतं, नंतर इथे आलं. फ्राइजवाल्या हॉट डॉगचं हे माहेरघर. आत बसायला जागा नाही, भिंतीलगतच्या कट्ट्यांवर कागद पसरून उभ्यानं खायचं. बटाटे तुमच्या डोळ्यांदेखत कापले जातात. टोमॅटो मिळत नाही, काकडी मिळत नाही, केचप तर दुकानात ठेवतच नाहीत. मागून बघा हवं तर. एक हॉट डॉग किंवा दोन सॉसेजांचा ‘डबल’, एवढाच विचार करायचा असतो, म्हणून लांबलचक रांगही भराभर सरकते. एकाच ठिकाणी जाण्याइतका वेळ असेल तर माझं बोट या दुकानाकडे जाईल. ओहेअर विमानतळापासून हे फार लांब नाही, तेव्हा विमानातून उतरल्यावर मुलगा किंवा सून गाडी घेऊन आलीच असेल तर घरी पोहोचण्याआधी हे उरकता येतं. गाडी नसलेल्यांना याच धाटणीचं ‘रेडहॉट रँच’ हे दुकान शहरातच भेटतं. तिथेही फ्राइजसकट गुंडाळलेला तसाच हॉट डॉग मिळतो.

‘सुपरडॉग’ ही याच्या अगदी उलट टोकाची जागा. १९४८ साली दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या मॉरी बर्मन यांनी पत्नी फ्लॉरी हिच्यासह हे सुरू केलं, आणि ते आजही त्याच कुटुंबाकडे आहे. छपरावर दोन प्रचंड हॉट डॉग उभे आहेत, एक मॉरी आणि एक फ्लॉरी, एकाच्या अंगावर बिबळ्याचं कातडं आणि दुसरीला स्कर्ट. गाडी लावायची, शेजारच्या यंत्रात बोलून ऑर्डर द्यायची, मग ट्रे गाडीच्या खिडकीला अडकवून मिळतो. इथलं सॉसेज मात्र व्हिएन्नाचं नाही, त्यांचं स्वतःचं आहे, जाड आणि मसाल्याला पुढे. ताज्या टोमॅटोऐवजी खारवलेल्या हिरव्या टोमॅटोची फोड असते आणि सगळं फ्राइजच्या गादीवर निजवून खोक्यातून येतं. शुद्धतावाद्यांना हा हॉट डॉग शिकागो पद्धतीत बसतो की नाही याची शंका येते. येऊ द्या. लहान मुलं बरोबर असतील तर याच्याइतकी मजेची दुसरी जागा नाही.

सुपरडॉगचा पत्ता आपल्या लोकांना आणखी एका कारणाने सोयीचा आहे. ते मिलवॉकी आणि डेव्हन या रस्त्यांच्या तिठ्यापाशी आहे, आणि डेव्हन म्हणजे तोच रस्ता ज्याच्या पूर्वेकडच्या तुकड्यात भारतीय बाजार आहे. साड्या, सोनं, मिठाई, ‘पटेल ब्रदर्स’ हे किराणा दुकान, सगळं तिथे. त्या भागाला मानाने ‘गांधी मार्ग’ असंही नाव दिलेलं आहे. तिथून पश्चिमेला साधारण पाच मैलांवर सुपरडॉग. म्हणजे मंडळी किराणा आणि पापड घ्यायला गेली की बाकीच्यांनी काय करायचं, या चिरंतन प्रश्नाचं उत्तर त्याच रस्त्यावर आहे.

पत्ते वाचायला इथे सोपं पडतं, कारण शहर चौकटीत आखलेलं आहे. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे छेदतात तो शून्याचा चौक, आणि तिथून बहुतेक ठिकाणी दर मैलाला घरांचे आकडे आठशेने वाढतात. ‘२४०० पश्चिम’ म्हणजे मध्यापासून तीन मैल पश्चिमेला. हे एकदा समजलं की दोन दुकानांमधलं अंतर कागदावरच काढता येतं आणि एका दिवसात कुठली दोन जमतील हेही ठरवता येतं.

दक्षिणेकडे ‘जिम्स ओरिजिनल’ला जा, पण हॉट डॉगसाठी नको. १९३९ पासून तिथे ‘मॅक्सवेल स्ट्रीट पोलिश’ मिळतं, जाड सॉसेज तव्यावर परतलेल्या कांद्याच्या ढिगाखाली, वर मोहरी आणि मिरच्या. मूळ बाजार विद्यापीठाच्या विस्तारात उठवला गेला आणि दुकान हमरस्त्याच्या कडेला युनियन अव्हेन्यूवर आलं, पण कांद्याचा वास गाडीतून उतरण्याआधीच वाट दाखवतो. पोलिश सॉसेजात बऱ्याचदा डुकराचं मांसही असतं, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावं. आणखी दक्षिणेला वेस्टर्न अव्हेन्यूवर ‘फॅट जॉनीज’ ही खोपटीवजा टपरी आहे. तिथे ‘मदर-इन-लॉ’ नावाचा प्रकार मिळतो. पावात सॉसेजऐवजी मक्याच्या पिठाचा टमाले आणि वर चिली. नाव असं का पडलं याच्या खोलात सासूबाईंसमोर जाऊ नये.

लिंकन पार्कमधलं ‘वीनर्स सर्कल’ रात्री उशिरा गिऱ्हाइकांना शिव्या देण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि गिऱ्हाईकही उलट देतात. हे सगळं संगनमताने चालतं, पण आईवडिलांना घेऊन रात्री एक वाजता जाऊ नका. दिवसा तिथला चार डॉग शांतपणे खाता येतो आणि तो चांगला असतो. ‘पोर्टिलोज’ ही १९६३ साली व्हिला पार्कमधल्या एका ट्रेलरमधून निघालेली आणि आता पुष्कळ पसरलेली साखळी. जाणकार नाक मुरडतात. मला विचाराल तर पहिल्या दिवशी नमुना म्हणून तिथेच जावं. डाउनटाउनमध्ये क्लार्क आणि ऑन्टारियोच्या कोपऱ्यावर बसायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे आणि हॉट डॉग नेटका असतो. त्या नेटक्याशी बाकीचे ताडून बघता येतात.

जुन्या याद्यांवर विसंबू नका. त्यांत अजून ‘हॉट डग्ज’चं नाव सापडतं. डग सोन यांचं हे दुकान सॉसेजच्या जगातलं देवस्थान होतं, लोक तासन्‌तास रांगेत थांबत. शहराने बदकाच्या यकृतावर बंदी घातली असताना तेच घातलेला हॉट डॉग विकल्याबद्दल त्यांना दंडही झाला होता. पण २०१४ मध्ये ते त्यांनी स्वतःहून बंद केलं. निघण्याआधी दुकान चालू आहे का, कुठल्या वारी बंद असतं आणि कार्ड घेतात की फक्त रोख, हे तपासा. खिशात थोड्या सुट्या नोटा ठेवाच. काउंटरवर टीपची बरणी असते, तिच्यात एखादा डॉलर टाकायची रीत आहे.

न्यूयॉर्कच्या सवयी इथे आणू नका. तिकडे फूटपाथवरच्या गाडीवर आंबवलेला कोबी किंवा टोमॅटोत शिजवलेला कांदा घालून देतात आणि माणूस चालता चालता खातो. शिकागोचा भाज्यांनी भरलेला हॉट डॉग चालता चालता खाल तर शर्ट धुवायला टाकावा लागेल. कोपर कट्ट्यावर टेकवून, थोडं पुढे वाकून खायचं.

केचपचा प्रश्न राहिलाच. इथल्या लोकांना हॉट डॉगवर केचप म्हणजे जवळजवळ गुन्हा वाटतो. यात नाटकीपणा आहे हे खरं, पण कारणही आहे. लोणच्यात गोडी आहे, टोमॅटो आहे, आंबट काकडी आहे. त्यावर गोड केचप ओतलं की सगळं एका रंगाचं आणि एका चवीचं होतं. अमेरिकेतली हॉट डॉग उत्पादकांची परिषदसुद्धा अठरा वर्षांवरच्या माणसाने केचप घालू नये म्हणते. म्हणजे लहान मुलांना सूट आहे. हाइन्झ कंपनीने २०१७ मध्ये ‘शिकागो डॉग सॉस’ या नावाने बाटली बाजारात आणून या शहराची गंमत केली होती; आत केचपच होतं. नातवाला केचपशिवाय घास उतरत नसेल तर पुडी घरून घेऊन चला आणि गाडीत बसून खाऊ द्या. फ्राइजवर केचप घेण्याला बहुतेक दुकानांत कुणाची हरकत नसते, फक्त जीन अँड ज्यूड्समध्ये त्याच्यासाठीही मिळणार नाही.

शाकाहारी मंडळींनी बाहेर गाडीत बसून राहायची गरज नाही. बऱ्याच दुकानांत ‘व्हेजी डॉग’ मिळतो, आणि पोर्टिलोजने २०२२ पासून वनस्पतींपासून बनवलेल्या सॉसेजचा ‘गार्डन डॉग’ ठेवला आहे. त्यावर तोच सगळा सरंजाम येतो. शिकागो पद्धतीचा हॉट डॉग अर्धाअधिक भाजीच असल्यामुळे त्यात फारसं काही हरवत नाही. तो कुठल्या पाण्यात किंवा तव्यावर गरम करतात हे मात्र काउंटरवर विचारा. फ्राइजच्या बाबतीतही विचारणं आवश्यक आहे, कारण शिकागोत काही ठिकाणी त्या गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. ‘यू फ्राय इन बीफ फॅट?’ एवढंच विचारायचं. रांगेत असतानाच विचारा, काउंटरवरचा माणूस मान हलवून उत्तर देतो. काहीच जमलं नाही तर ‘नो डॉग, एव्हरीथिंग’ म्हणून बिनसॉसेजचा भरलेला पाव मागता येतो. विचित्र नजरेने बघतील, पण देतील. मोहरी, कांदा, मिरची आणि खसखशीचा गरम पाव, थोडं सेलरी सॉल्ट जास्त मारायला सांगा.

परतीच्या विमानाआधी शेवटचा एक खायचा बेत असेल तर रिव्हर ग्रोव्हला निघताना हाताशी तासभर जास्तीचा ठेवा. हॉट डॉग तिथेच संपवा आणि मग विमानतळ गाठा. बांधून घेतलात तर सुरक्षा तपासणीपर्यंत फ्राइज लोळागोळा झालेल्या असतात, आणि कांद्याच्या वासाने शेजारचा प्रवासी सगळा प्रवास तुमच्याकडे बघत राहतो.